अंगणाला सिमेंट

रुईवाडी, ता. लोहा
१४ जुलै २०२४

आनंदा,

जयभीम. खुशाली शेवटी लिहीन, आधी भांडण.

अक्का फोन कामून करत नाही, असं तू तुझ्या दाजींना विचारलंस म्हणे. अरे, तुला फोन करून काय करू? मी दोन वाक्यं बोलते न बोलते तोवर तुझं 'बरं बरं अक्का, बघतो मी' सुरू. काय बघतोस ते मला आजवर दिसलं नाही. पत्रात तुला मधे तोंड घालता येत नाही, म्हणून लिहून राहिले. उत्तर बी लिहूनच धाड. मोबाईलवर अंगठा दाखवलास तर बघ.

तर ऐक. यंदा मी ठरवलंय, पाऊस उघडला की लेकरं बाहेर. तू आमची अंगणवाडी पाहिलीच आहेस. खोली म्हणजे कोंबड्यांचं खुराडं, पण अंगण कसं मोठं आहे! मधोमध लिंबाचं झाड आणि सगळी काळी माती. तीन-चार वर्षांचं लेकरू घडीभर सतरंजीवर बसत नाही, तिथं त्याला 'अ अननसाचा' काय घोकायला लावू? इथल्या एकानं बी अननस पाहिलेला नाही.

बाहेर काढलं की बघावं त्यांना. डोळे मिटून हाताला लागेल ती बी ओळखतात, ही तूर, हा मूग, हे सोयाबीन. मुंग्यांच्या रांगेमागं रांगत जातात. तांब्याभर पाणी ओतलं की ते कुठं पळतं ते बघतात, मग चिखलाचा बांध घालून अडवतात, फुटला की ओरडतात आणि पुन्हा घालतात. तू इंजिनिअर कॉलेजात झाला नाहीस बाबा, औशाला आपल्या दारात मोरीचं पाणी अडवून आईच्या हातचा मार खायचास, तेव्हाच झालास.

आणि चिखलाच्या भाकरी! साखराबाईचा नातू सत्यम भाकरी थापतो आणि आपल्या वस्तीतल्या प्रेमला देतो. प्रेम मचमच करून खाल्ल्यासारखं करतो, मग आपली त्याला देतो. सगळ्या गल्ल्यांची लेकरं एकमेकांच्या हातचं 'जेवतात'. मला त्यात काय दिसतं ते तुला सांगायची गरज नाही. आपण दोघंही याच मराठवाड्यात वाढलो.

आता भांडण. परवा सुपरवायझर मॅडम आल्या. लेकरं एकमेकांच्या सावलीवर पाय द्यायचा खेळ खेळत होती. मॅडम म्हणाल्या, "ताई, आज सूर्याचा विषय आहे ना? तक्ता कुठंय?" तक्ता आत, सूर्य बाहेर. सगळ्यांना आत नेलं, तक्त्यावरच्या सूर्याला बोट लावून फोटो काढला, तेव्हा मॅडमचा जीव भांड्यात पडला.

त्याहून मोठा ताप साखराबाईचा. रोज येते आणि दारात उभी राहून सगळ्या गावाला ऐकवते. "ताई, लेकरू शिकाया धाडलं का चिखलात लोळाया? चिखल आमच्या घरी बी लई हाय. मी कापडं धुऊन धुऊन मरून राहिले!" तिचं बघून बाकीच्या आया बी बोलू लागल्यात. एकजण तर म्हणते, लातूरला लेकरं घडवतात आणि तुम्ही ताई चिखल तुडवता. अगं बाई, तुझं लेकरू साडेतीन वर्षांचं आहे, त्याला नाक शिंकरता येत नाही, त्याला कुठला लातूर पॅटर्न लावू? चिखल, चिखल, चिखल! कान किटले माझे.

असो. बोधीला पापा. दिपालीला आशीर्वाद. इकडं सगळे बरे आहोत.

तुझी,
महामाया अक्का

---

नांदेड
४ ऑगस्ट २०२४

ती. अक्कास,

जयभीम. तुझं पत्र मिळालं, मजकूर समजला. (हसू नको, ऑफिसात रोज हेच लिहून हात वळलाय.)

औशाचा मार अजून आठवतो. पण अक्का, तू तेव्हाही मला वाचवायचीस आणि आताही सगळ्या गावाचं अंगावर घेतेस. एवढी मरमर करतेस आणि वर लोकांच्या आयांची बोलणी खातेस, हे मला पटत नाही. चिखलाचा प्रश्न माझ्या लक्षात आला आहे. बघतो मी.

बोधीला इथल्या एका इंग्रजी नर्सरीत घातलं. छान आहे. खाली हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरलंय, लेकरू पडलं तरी लागत नाही. चप्पल काढायचीसुद्धा गरज नाही. दिपाली म्हणते, ऑक्टोबरात तुझं प्रशिक्षण नांदेडला आहे ना, तर आमच्याकडेच उतर. बाहेर कुठं राहिलीस तर ती माझ्याशी बोलणार नाही.

तुझा,
आनंदा

---

रुईवाडी
१३ ऑक्टोबर २०२४

आनंदा,

रागात लिहून राहिले, अक्षर समजून घे.

तुमच्याकडं किती मजेत दिवस गेले. प्रशिक्षणात बी मॅडमनी तेच सांगितलं जे मी करते, लेकरांना बाहेर न्या, मातीत खेळू द्या, निसर्गातून शिकवा. मी मनातल्या मनात म्हटलं, महामाया, तू येडी नाहीस. येताना एसटीत बसून यादी केली, की आता गेल्यावर गांडूळ दाखवायचं, पावट्याची बी लावायची.

गावात उतरले आणि अंगणवाडीकडं वळले तर पायाखाली खट्ट वाजलं. सिमेंट! या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत सगळं अंगण गुळगुळीत सिमेंटचं. लिंबाच्या बुंध्याला अगदी गळ्याशी आल्यासारखं चिकटवलंय. मला आधी वाटलं मी दुसऱ्याच कुणाच्या दारात आले.

माझी मदतनीस धुरपताबाई धावत आली आणि म्हणाली, "बघा की ताई, कसं आरशावाणी झालंय!" आचारसंहिता लागायच्या आत उरकायचं म्हणून दिवसरात्र लोक लावले होते म्हणे. विचारलं, कुणी केलं? तर ती माझ्याकडं बघून हसली आणि आत निघून गेली. सरपंच भुजंगरावाला विचारलं, तो बी हसला. म्हणतो, "वरून आलंय ताई, वरून." वरून तर पाऊस बी येतो, पण तो आधी गरजून सांगतो तरी. मला मात्र कुणी विचारलं नाही.

अरे, मी त्या मातीत काय काय पेरलं होतं! कोपऱ्यात मेथी उगवली होती, लेकरांनी एकेक दाणा टोचला होता. तीसुद्धा गाडली.

आनंदा, तू त्याच बांधकाम खात्यात आहेस. मला एवढंच शोधून दे, की कुठल्या दीडशहाण्या सायबानं यावर सही केली. त्याला मी इथं बोलावून दुपारी बाराला अनवाणी उभा करते.

तुझी अक्का

---

नांदेड
२७ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास,

जयभीम. पत्र वाचलं. तू फार मनाला लावून घेऊ नकोस, तुझं बीपी वाढतं.

अक्का, कुणी केलं हे शोधून काय उपयोग? अशा कामांत दहा जणांच्या सह्या असतात. हेतू कुणाचा वाईट नसणार. पावसाळ्यात विंचूकाटा निघायचा तो आता निघणार नाही. आयांची कटकट थांबेल. तुलाही जरा शांतता मिळेल. दुसऱ्या बाजूनंही विचार करून बघ.

एक विचारायचं होतं, उतार बरोबर दिलाय का? म्हणजे पाणी मारल्यावर रस्त्याकडच्या नालीत जातं ना? कुठं साचत नाही ना? आणि चौकोनाचे सांधे नीट भरलेत का? तडे गेले असतील तर मला लगेच कळव, ठेकेदाराला सोडणार नाही. म्हणजे सोडू नये, असं म्हणतोय.

दिवाळीच्या सुटीत बोधी तुझी सारखी आठवण काढते. "मोठी आत्या गोष्टीत खरंच बेडकासारखी उडी मारते" असं सुटी लागायच्या आधी शाळेत सांगून आली होती.

तुझा,
आनंदा

---

रुईवाडी
५ जानेवारी २०२५

आनंदा,

उतार चांगला आहे. पाणी ओतलं की सरळ नालीत जातं. कुठं अडत नाही, लेकरांना काही करायला ठेवत नाही. झालं समाधान?

मधे लिहिलं नाही कारण लिहायला बसले की रागानं कागद फाटायचा. आता खरं सांगते, हसू नको. पटावर लेकरं वाढली. हाव, वाढली! अंगण बघून आया म्हणतात, "आता कसं शाळेवाणी वाटतंय." साखराबाई खुश. सुपरवायझर मॅडम खुश, त्यांनी फोटो काढून वर पाठवला आणि बाकीच्या सेविकांना सांगितलं, रुईवाडीचं बघून या. साऱ्या जगात मी एकटीच नाखुश. कधी कधी वाटतं, माझंच डोकं फिरलंय का?

पण लेकरांकडं बघितलं की पुन्हा पेटते. बाहेर काढलं तर करणार काय? उभी राहतात, इकडं तिकडं बघतात. पळाली तर पडतात. दहा-अकरा वाजले की जमीन तापते, ती भिंतीच्या सावलीला पाठ लावून बसतात. आणि कशी बसतात माहीत आहे? घरून जशी येतात तशी. वरच्या गल्लीची एकीकडं, आपल्या वस्तीची एकीकडं. कुणी सांगितलं नाही त्यांना. मातीत कधी बसली होती का अशी? भाकरी थापायला कुणाचा तरी हात लागायचाच. आता कशाला कुणाजवळ जातील?

मी हार मानली नव्हती. साखराबाईच्या मुलाकडं, भागवतकडं गेले, म्हटलं, तुझ्या शेताच्या बांधावर लेकरांना नेऊ का? भला माणूस, हाव म्हणाला. नेलं एक दिवस. दुसऱ्या दिवशी वरून विचारणा, केंद्राच्या वेळेत केंद्र रिकामं कसं? लेकरांना काही झालं तर जबाबदार कोण? बंद.

आणि मागच्या आठवड्यात सत्यम पडला. पाणी मारलेल्या सिमेंटवर घसरला आणि हनुवटी फुटली, टाके घालावे लागले. तो एरवी दिवसातून चारदा पडायचा, माती झटकायचा आणि उठायचा. साखराबाई आली. मी वाट बघून होते की आता तरी म्हणेल, मातीच बरी होती. तर ती म्हणाली, "ताई, तुम्हीच करून घेतलंय न्हवं? मग तुम्हीच सांभाळा." मला काही कळलं नाही. मी का करून घेईन?

आता २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी विषय काढणार. सगळ्यांसमोर विचारणार, हे कुणाच्या डोक्यातून निघालं. त्याआधी तू नाव काढून दिलंस तर बरं. तीन महिने झाले, साधं एक नाव तुला सापडत नाही? मग कशाचा रे तू इंजिनिअर?

तुझी अक्का

---

नांदेड
२३ जानेवारी २०२५

ती. अक्कास,

घाईत लिहितोय. हात जोडून विनंती, ग्रामसभेत विषय काढू नकोस. गावातली माणसं, कुठल्या शब्दाचं काय करतील सांगता येत नाही. तू जरा दम धर, मी बघतो. सत्यमची हनुवटी बरी झाली का? मला खरंच वाईट वाटलं.

आणखी एक काम होतं. हसशील. बोधीच्या शाळेत पुढच्या शनिवारी 'मड डे' आहे. मुलांना मातीची ओळख व्हावी म्हणून. सूचना आली आहे, प्रत्येकानं घरून पिशवीभर माती आणायची, स्वच्छ, चाळलेली, खडे आणि किडे नसलेली. आता इथं आमच्या कॉलनीत माती आणू कुठून? सगळीकडं सिमेंट. तुझ्याकडची काळी माती धाडतेस का, पिशवीत घालून? लोह्याहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरजवळ दे, मी स्टँडवर येऊन घेईन.

तुझा,
आनंदा

---

रुईवाडी
२७ जानेवारी २०२५

आनंदराज,

ग्रामसभा काल झाली. तुझं पत्र आज आलं. टपालवाल्याचे उपकार.

काल मी उभी राहिले. तावातावानं बोलले. म्हटलं, ज्या सायबानं लेकरांच्या अंगणावर सिमेंट ओतलं त्याला ना लेकरं कळतात, ना माती कळते, त्याच्या घरात बहुतेक लेकरू नसणार. मंडपात आधी एका कोपऱ्यात खसखस. मग सगळी सभा हसायला लागली. भुजंगरावानं माईक घेतला आणि म्हणाला, "ताई, आता पुरं की. तुमच्याच भावानं नांदेडाहून करून दिलंय. आमच्या अक्काला लई त्रास होतो म्हणून तीनदा फोन केला त्यांनी. गावाचं भलं झालं, आम्ही कुठं नाव ठेवून राहिलो?"

सगळ्या गावाला माहीत होतं, आनंदा. धुरपताबाईला माहीत होतं. साखराबाईला माहीत होतं. त्यांना वाटत होतं, मीच भावाकडून करून घेतलं आणि वरून नखरे करून राहिले. चार महिने मी दारोदार त्या सायबाला शिव्या घालत होते, आणि लोक मला हसत होते.

म्हणजे मी तुझ्या घरात बसून दिपालीच्या हातची पुरणपोळी खात होते, तेव्हा इकडं माझी मेथी गाडली जात होती. आता आठवतं, तू सारखा गालात हसत होतास. मला वाटलं, बहीण आली म्हणून भाऊ खुश आहे.

मी तुला काय लिहिलं होतं? सगळं पान लिहिलं होतं, तूर, मूग, मुंग्या, बांध, भाकरी. तुला त्यातलं काय दिसलं? चिखल! मी तुला दुःख सांगत नव्हते रे, मी तुझ्याजवळ कुरकुरत होते. बहिणीनं भावाजवळ कुरकुरायचं असतं, भावानं हूं हूं करायचं असतं, एवढंच असतं ते. तुला कुणी सांगितलं होतं काही करायला?

आणि आता तू मला माती मागतोस. माझ्या लेकरांची बुजवलीस आणि तुझ्या लेकीला पिशवीत घालून पाहिजे. ती बी स्वच्छ! माती स्वच्छ करायची म्हणजे काय धुवायची? धुतल्यावर काय उरतं ते तूच सांग, शिकलेला तू आहेस.

माती मिळणार नाही.

तुझ्याकडून मला आता काही बघायला नको. एकच कर. जसं ते काम करून घेतलंस, तसं लिहून दे तुझ्या ऑफिसात, की हे चुकलं. तुझ्या सहीनं. जमत नसेल तर पुन्हा पत्र लिहू नकोस.

महामाया

---

नांदेड
१६ फेब्रुवारी २०२५

अक्का,

बरेच दिवस पत्र लिहायचं धाडस झालं नाही. आधी रागच आला. वाटलं, जिच्यासाठी केलं तीच लाथ मारते. तुझं जुलैचं पत्र काढलं, म्हटलं, यात तूच चिखल लिहिलंयस हे तुला दाखवावं. वाचायला घेतलं. शेवटी 'चिखल, चिखल, चिखल' सापडलं. पण त्याआधी जे होतं ते मी तेव्हा वाचलंच नव्हतं. म्हणजे डोळ्यांखालून गेलं होतं. औशाच्या मोरीचा बांधही. मी सरळ तक्रार कुठं आहे ते शोधलं, ऑफिसात अर्ज वाचतो तसं.

मला वाटलं होतं, तू परत जाशील, अंगण बघशील आणि मला फोन करून रडशील, आनंदानं. तुझं पत्र आलं तेव्हा माझी सांगायची हिंमतच झाली नाही. मग एकेक दिवस गेला तसं ते आणखी अवघड झालं. माझं चुकलं, अक्का. ग्रामसभेत तू एकटी उभी होतीस, हे डोळ्यांसमोरून जात नाही.

बोधीचा मड डे झाला. रोपांच्या नर्सरीतून मातीचं पाकीट विकत आणलं. मुलांना हातमोजे दिले होते. तरी बोधीच्या मनगटाला थोडी माती लागली, तर ती रडायला लागली, "पप्पा, घाण, घाण काढा." बाईंनी ओल्या फडक्यानं पुसलं. मग प्रमाणपत्र दिलं. दिपालीनं ते फ्रिजवर लावलंय. मला ते बघवत नाही.

तू सांगितलंस तसं लिहून दिलं. 'जागेचा प्रत्यक्ष वापर न पाहता, सेविकेस न विचारता काम सुचवले, ही माझी चूक.' खाली सही. साहेबांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "आनंदराज, माणसं दुसऱ्याची चूक लिहून देतात. तुम्ही स्वतःची? बढती तोंडावर आलेली दिसत नाही का?" मी म्हटलं, दिसते साहेब. कागद त्यांनी ठेवून घेतला. आता माझ्या गोपनीय अहवालात जे जायचं ते जाईल.

पण खरी गोष्ट ऐक, तुला राग येईल. लेकरांना खेळायला माती हवी म्हणून नवं काम फोडता येत नाही. तसं कारणच कुठं बसत नाही. सगळे नियम चाळले. शेवटी एक सापडलं, झाडाच्या बुंध्याभोवती सिमेंट करता येत नाही, माती मोकळी ठेवावी लागते. लेकरांसाठी नाही, पण लिंबासाठी फोडता येतं.

किती मोकळी ठेवायची हे झाडावर असतं. मी लिहिलं, झाड जुनं आहे, सावली जिथवर पडते तिथवर मुळं आहेत, तिथवर मोकळं करावं. साहेब म्हणाले, सावली किती वाजताची? मी म्हटलं, संध्याकाळची. ते हसले आणि अर्ध्यावर आणून सही केली. अर्धं अंगण तरी सुटेल. बाकीचं मला जमलं नाही.

मी काही बघतो म्हणत नाही. एवढंच झालंय, तेवढं कळवतो.

आनंदा

---

रुईवाडी
१६ मार्च २०२५

आनंदा,

जयभीम.

माणसं आली आणि फोडून गेली. एवढा आवाज, एवढी धूळ, की सगळं गाव गोळा झालं. भुजंगराव म्हणाला, "बहीण-भावाचा खेळ होतो आणि सरकारी शिमिट जातं." मी म्हटलं, होऊ द्या. खालची माती दगडासारखी झाली होती. धुरपताबाई आणि मी मिळून खणली, भागवतनं दोन गाड्या काळी माती आणून टाकली, पाणी मारलं. लिंबाखाली आता गोल अंगण आहे. भोवती तुझं सिमेंट. राग अजून गेलेला नाही, हे लिहून ठेवते. लेकरांसाठी कारण बसत नाही आणि झाडासाठी बसतं, हे वाचून तर दोन दिवस मला जेवण गेलं नाही. झाडाचा राग नाही, ते बिचारं काय करील.

तुझी बढती राहिली तर मला वाईट वाटेल. पण तू लिहून दिलंस हे मी गावात सगळ्यांना सांगितलं. एकेकाच्या घरी जाऊन सांगितलं. आता हसायची त्यांची नाही, माझी पाळी होती.

पहिल्या दिवशी लेकरांना सोडलं तर ती काठावर उभी. अर्ध्या सालात विसरली बघ, मातीत काय करतात ते! मी पदर खोचला, मधे बसले आणि भाकरी थापायला लागले. आधी प्रेम आला. मग सत्यम, हनुवटीवर टाक्यांची खूण घेऊन. मग कुणाला कुणाचं भान राहिलं नाही. जागा अर्धी झाली ना, आता सगळी खेटूनच बसतात, दूर बसायचं म्हटलं तर सिमेंटवर जावं लागतं.

काल साखराबाई आली. दारातूनच सुरू, "झालं का पुन्हा? कापडं बघा लेकराची! पुन्हा तोच चिखल, पुन्हा तीच ताई! मी म्हातारीनं धुवायचं तरी किती?" नुसता तोफखाना. तेवढ्यात प्रेम उठला, चिखलाची भाकरी दोन्ही हातांत धरून तिच्यापुढं गेला आणि म्हणाला, "घे आजी. गरम हाय."

साखराबाईचं तोंड उघडंच राहिलं. धुरपताबाईनं माझा हात धरला. अख्ख्या जन्मात आपल्या वस्तीतलं पाणी बी घेतलं नाही त्या बाईनं. आणि आनंदा, तिनं ती घेतली. तोंडाजवळ नेली, मचमच केलं आणि म्हणाली, "मीठ कमी पडलं रं." मग भाकरी पदराखाली धरून पुन्हा माझ्यावर ओरडायला लागली, जिथं थांबली होती तिथूनच.

बोधीला सुटी लागली की घेऊन ये. माती पाठवणार नाही, लेक इकडं आण. रडली तर रडू दे. चपला घरी ठेवा दोघांच्या. येताना काही आणू नको, आल्यावर काही करू नको. लिंबाखाली खाली बस फक्त.

आणि हो, साखराबाई आज सकाळी पुन्हा भांडून गेली, चिखलावरूनच. उद्या बी येणार म्हणाली. हे मी तुला तक्रार म्हणून लिहिलेलं नाही. खबरदार, काही बघशील तर!

तुझी,
अक्का